पवनचक्कीवर घर चालवायचंय? आधी वारा मोजा, मग पैसे मोजा

पवनचक्की लावल्यापासून ओळखीतले आणि ओळखीतल्यांच्या ओळखीतले असे सगळे मला एकच विचारतात, किती किलोवॅटची घेतली? तिथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. किलोवॅट हा खोक्यावर छापलेला आकडा आहे, वीज येते ती वाऱ्यातनं, आणि तुमच्या जागेवर वारा किती आहे हे दुकानदाराला माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं, मलाही नव्हतं. म्हणून काय केलं, काय चुकलं आणि आता परत करायचं झालं तर कसं करीन ते सगळं एकदाच लिहितेय.

आमची जागा पुणे जिल्ह्यात, पाबे खिंडीच्या पलीकडे, वेल्ह्याच्या बाजूला, धारेवर. तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात, पण लाइटचा पोल दिसत नाही. लाइन आणायची तर डोंगरातनं बरेच पोल टाकावे लागणार होते, तो खर्च ऐकून भाऊ म्हणाला त्यापेक्षा आपणच वीज बनवू. दोन खोल्या, ओटी, मागे पाण्याची टाकी, एवढंच घर. आम्ही शनिवार-रविवार असतो, आई मात्र महिना महिना राहते, त्यामुळे "दोन दिवस नसली वीज तर काय बिघडतं" हे धोरण तिथं चालत नाही.

पहिलं काम वही घेऊन बसायचं. घरात काय काय चालणार आणि किती तास, बास. आमचं असं निघालं: नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे पाच तास म्हणजे २२५ वॅट-तास, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे दोन, प्रत्येकी ३० वॅटचे, आठ तास, म्हणजे ४८०. राउटर नुसता १० वॅटचा पण चोवीस तास चालू म्हणून २४० खातो, हे लोक विसरतात. लॅपटॉप-मोबाइल धरा २५०, अर्ध्या एचपीची मोटर अर्धा तास २५०, मिक्सर दहा मिनिटं ८०. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे झालं साधारण दीड युनिट. फ्रिज घेतला की पाऊण युनिट वर, सव्वादोन. साधे जुने पंखे ७५ वॅट घेतात, ते तसेच ठेवले असते तर दोन पंख्यांचेच १२०० झाले असते. म्हणजे पंखे बदलणं हे जास्तीची वीज बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. गीझर, इस्त्री, इंडक्शन हे विसरा, स्वयंपाकाला गॅस आणि पाण्याला चूल.

आता वारा. इथं घाई करू नका, शक्य असेल तर वर्षभर मोजा, आणि तेवढा धीर नसेल तर निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा तरी. मोजण्याआधी नुसतं बघा. डोंगरावरच्या देवळावरचा भगवा कुठल्या महिन्यात फाटतो ते विचारा, झाडं एका बाजूला कललीत का, पश्चिमेकडच्या फांद्या खुरटल्यात का ते बघा. आमच्या शेजारी तात्या आहेत, सत्तरीचे, गुरं राखतात. मी पहिल्यांदा वाऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "ताई, आखाडात हितं छत्री उघडत न्हाय. आन् दिवाळीनंतर पाचोळा पण हलत न्हाय." वर्षभराच्या नोंदींनी मला जे सांगितलं ते तात्यांनी दोन वाक्यात सांगितलं होतं, मी ते खरं मानायला वर्ष घालवलं इतकंच.

नोंदीसाठी फार काही लागत नाही. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलात तर सुटे इलेक्ट्रॉनिक पार्ट मिळतात, कपांचा ॲनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, आणला, त्याला नोंद ठेवणारा ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड आणि मेमरी कार्ड लावलं, दर दहा मिनिटांची सरासरी लिहीत राहतो. फक्त हे जिथं चक्की बसणार तिथं आणि शक्य तितक्या उंचीवर लावा. अंगणात डोक्याच्या उंचीला धरलेलं मीटर काहीही सांगतं. आणि एक फुकटातली युक्ती: पतंग उडवा, दोरीला दर काही फुटांवर प्लास्टिकच्या पट्ट्या बांधा. खालच्या पट्ट्या वेड्यावाकड्या गरगरतात आणि वरच्या एका दिशेला ताठ उभ्या राहतात. जिथनं ताठ व्हायला लागतात तिथनं वर तुमची चक्की हवी. संक्रांतीत वारा कमी असतो, त्यामुळे हे मे महिन्यात संध्याकाळी चारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा करा.

एवढं सगळं का, तर गणितामुळे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. सूत्र असं: अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले पात्यांनी घेरलेलं क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. आपल्याकडे डोंगरावर घनता घनमीटरला १.१ किलो धरा. दोन मीटर व्यासाची चक्की ३.१४ चौरस मीटर घेरते, आणि छोटी चक्की प्रत्यक्षात त्यातलं ३० टक्के पकडते असं धरलं तर सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात १४ वॅट मिळतात, ६ मीटरला ११२ आणि १२ मीटरला जवळजवळ ९००. हीच ती "एक किलोवॅटची" चक्की. खोक्यावरचा आकडा १२ मीटरचा असतो, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरचा वारा, आणि तुमच्या घरी बहुतेक वेळ ३-४ मीटर असतो. वर्षाची किंवा महिन्याची सरासरी ५ मीटर असेल तर या चक्कीतून दिवसाला अडीच युनिटच्या आसपास मिळतात, ३ असेल तर अर्धाही युनिट नाही. सरासरी दोनने घसरली आणि वीज पाचव्या हिश्शावर आली.

याच सूत्राने जाहिराती पण तपासा. उभ्या अक्षाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या, गच्चीवर ठेवा आणि विसरा म्हणतात त्या. दिसतात छान. पण एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच म्हणजे घेर एक चौरस मीटर, १२ मीटर वाऱ्यात त्यातून जाणारी एकूण ताकदच ९५० वॅट. त्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त कुठलीच चक्की काढू शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ साली मांडलं, म्हणजे कमाल ५६० वॅट, तेही कागदावर. आणि जाहिरातीत लिहिलंय तीन किलोवॅट! मला एका दुकानदाराने असंच ठामपणे सांगितलं, मी कॅल्क्युलेटर काढल्यावर म्हणाला मॅडम हे चायनीज वॅट आहेत. निदान हसला तरी.

मग मी लावलीच कशाला? तर पावसाळ्यासाठी. आपल्याकडे वारा खरा नैऋत्य मोसमीचा, जून ते ऑगस्ट तो जोरात असतो, सप्टेंबरात उतरतो आणि ऑक्टोबर ते जानेवारी जवळजवळ झोपतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या मोठ्या चक्क्या बघितल्या असतील तर त्यांचाही हाच हंगाम. सोलरचं बरोबर उलटं. एक किलोवॅटचं पॅनेल इतर वेळी दिवसाला चार-साडेचार युनिट सहज देतं, पण जुलैत घाटमाथ्याला सूर्यच दिसत नाही, आठ-आठ दिवस ढगात घर असतं, तेव्हा दीड युनिट आलं तरी देवाला नमस्कार. म्हणून क्रम असा ठेवा, आधी सोलर, मग वारा. नुसत्या चक्कीवर पुणे जिल्ह्यात घर चालवायचं म्हणाल तर दिवाळीत अंधारात फराळ कराल. आणि तुमची जागा दरीत असेल, किंवा कोथरूड-वारज्यात बिल्डिंगांच्या मधे असेल, तर हे वाचून इथंच थांबा आणि ते पैसे आणखी दोन पॅनेलात घाला, मी मनापासून सांगतेय.

आता माझी मोठी चूक. मी पहिल्यांदा चक्की स्लॅबवर लावली, पॅरापेटला दहा फुटी पाइप बोल्ट करून, म्हटलं उंची आयती मिळतेय. वारा घराच्या भिंतीवर आपटून वर उसळतो आणि स्लॅबच्या कडेला भोवरे करतो, त्या भोवऱ्यात चक्की नुसती तोंड फिरवत बसते, इकडे बघू का तिकडे, वीज काही नाही. वर रात्री स्लॅबमधनं घूंऽऽ असा आवाज, पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखा. आईने तिसऱ्या रात्री गादी ओटीवर नेली. महिनाभरात उतरवली.

नियम साधा आहे. सगळ्या बाजूंनी साधारण १०० मीटरच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल, झाड, घर, टेकाड, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक निदान ३० फूट वर हवं. झाड वाढणार हे पण धरा. मोकळ्या माळावरसुद्धा उंची दुप्पट केली की वेग साधारण १० टक्के वाढतो, आणि घनामुळे ताकद ३४ टक्के. म्हणून मोठी चक्की घेण्याआधी खांब उंच करा. आमचा १२ मीटरचा आहे, आसपास खुरटी झुडपंच आहेत म्हणून चालतं. खर्चाचं म्हणाल तर खांब, तारा, काँक्रीट आणि मजुरी मिळून चक्कीएवढंच जातं, हे आधीच मनाशी धरून ठेवा.

खांब शिडी लावून चढायचा नको, बुडाशी बिजागरी असलेला आडवा-उभा करता येणारा घ्या. जाड जीआय पाइप, दोन उंचीवर चारी बाजूंना तारा. लाइटच्या पोलला तिरकी तार असते ना, लाइनमन स्टे म्हणतात, तसंच. तारेचं बूड खांबापासून खांबाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडं लांब, आमचं सात मीटरवर. वायर रोप, टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू), डी शॅकल (जोडकडी), थिंबल (तारेच्या फासात बसणारी खोबण) हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका चक्करमध्ये मिळतं. क्लॅम्प मात्र बघून लावा, यू-बोल्टचा वाकडा भाग तारेच्या तोकड्या टोकावर आणि सपाट खोगीर ताण घेणाऱ्या तारेवर, उलटं लावलं तर बोल्ट ताणाची तार चेंगरतो. प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प. आमच्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो, त्यामुळे दोन बाजूंना कातळात भोकं पाडून बोल्ट ग्राउट केले आणि मुरूम होता तिथं खड्डा खणून काँक्रीटचे ठोकळे टाकले. बिजागरीच्या दोन बाजूंच्या तारांचे अँकर बिजागरीच्या अगदी सरळ रेषेत आणि त्याच पातळीत हवेत, नाहीतर खांब उठताना एक तार ताणते, दुसरी ढिली पडते आणि सगळं लोटांगण घालतं.

उभा करताना खांबाच्या बुडाशी काटकोनात दुसरा आखूड पाइप लावतात, खांबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तरी, आणि त्याच्या टोकाला हँड विंचची तार ओढली की खांब उठतो. पहिल्यांदा चक्की न लावता, नुसता खांब उभा करून बघा. आम्ही मार्चमधल्या एका सकाळी सातला सुरू केलं, तेव्हा पान हलत नाही. भाऊ विंचवर, वेल्डर आणि त्याचा पोऱ्या बाजूच्या तारांवर, मी मागच्या तारेवर, आणि तात्या लांब बसून बिडी ओढत. पहिले वीस अंश सगळ्यात वाईट असतात, विंचचं हँडल एकेक दाता टक् टक् पुढे जातं, तार सतारीसारखी वाजते, आणि खांब मधे धनुष्यासारखा वाकतो तेव्हा पोटात गोळा येतो. साठ अंशांनंतर एकदम हलका होतो, आणि ऐंशीला तर धोका उलटा, तो पलीकडे जायला बघतो, तेव्हा मागची तार धरलेल्याने जागं राहायचं. पडण्याच्या रेषेत कोणी उभं नको, लहान मुलं, कुत्री, फोटो काढणारे पाहुणे कोणीच नाही. हे सगळं एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका, मग वळीव सुरू होतात आणि त्यांचा वारा अर्ध्या मिनिटात दिशा बदलतो.

वायरिंगला ४८ व्होल्ट ठेवा. खांबापासून घर ४० मीटरवर, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ५०० वॅट येताहेत असं धरा. २४ व्होल्टला २१ अँपिअर वाहतात आणि वाटेतच तीन व्होल्ट गळतात, म्हणजे १३ टक्के. ४८ ला तेच ३ टक्के. केबल तपकीर गल्लीत घेताना नुसतं वजन हातात धरून घेऊ नका, लेबलवरचा आयएसआय मार्क आणि जाडी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सोलरवाल्या लोकांकडून हमखास चुकणारं. सोलर पॅनेलची वायर काढून ठेवली तरी त्याला काही होत नाही, चक्कीची काढली तर ती उधळते. चक्कीला बॅटरीत करंट ढकलायचं जे ओझं असतं तोच तिचा ब्रेक. बॅटरी भरली म्हणून चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरने लाइन तोडली की जोरात वाऱ्यात पाती सुसाट सुटतात, व्होल्टेज वर जातं, कंट्रोलर जळतो, पुढे पातं तुटतं. म्हणून सोलरचा साधा कंट्रोलर चक्कीला चालत नाही, डंप लोडवाला लागतो, जो जास्तीची वीज एखाद्या कॉइलमध्ये वळवून जाळतो. मी हे वाचलं होतं तरी बॅटरीच्या आधी एक एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकला, सवयीने, आणि माझा कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज बघून डंप चालू करणारा होता. जुलैत एका रात्री एमसीबी पडला आणि बाहेर असा आवाज सुरू झाला की पहिल्या गिअरमधला टेम्पो अंगणात शिरतोय. कंदील घेऊन पावसात पळत जाऊन ब्रेकचा स्विच टाकला. पाती वाचली, कंट्रोलर नाही वाचला. आता जो आहे तो चक्कीच्या बाजूचं व्होल्टेज बघतो आणि बॅटरी गायब झाली तरी डंप करतो, विकत घेताना हेच विचारा.

डंपसाठी घरातली गीझरची कॉइल लावू नका. २३० व्होल्टची १५०० वॅटची कॉइल साधारण ३५ ओहमची असते, ५६ व्होल्टवर ती ९० वॅटसुद्धा खात नाही. एक किलोवॅट जाळायला ३ ओहमच्या आसपास लागतं, म्हणजे तशा अकरा-बारा कॉइल समांतर, नाहीतर ४८ व्होल्टची कॉइलच घ्या. आमची बाथरूममागच्या ड्रममध्ये आहे, जुलैत रात्रभर वारा चालला की सकाळी आंघोळीचं पाणी आयतं कोमट, आईला या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच आवडलंय. ड्रम कधी रिकामा ठेवायचा नाही.

ब्रेक म्हणजे चक्कीकडून येणाऱ्या तिन्ही वायर एकमेकींना जोडणारा स्विच. शॉर्ट केलं की चक्की जड होऊन थांबते. पण तो वादळ यायच्या आधी टाकायचा, हवामान खात्याचा इशारा आला की लगेच, वादळात फुल स्पीडला टाकला तर गुंडाळी जळायची शक्यता असते. शिवाय चक्कीला बिजागरीची शेपूट आहे ना बघा, वारा फार झाला की ती दुमडते आणि पाती वाऱ्याला कड देतात, आपण वादळात तोंड फिरवून चालतो तसं.

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला असतात तशा लेड-ॲसिड, एकूण ७.२ युनिट, निम्मीच वापरायची, म्हणजे फ्रिजसकट दीड दिवस. लिथियम हलकी आणि टिकाऊ, पण तिच्या आतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, भरल्यावर स्वतःच लाइन तोडतो, आणि मग वरचा टेम्पो. त्यामुळे लिथियम घ्यायची तर कंट्रोलर त्याच्याशी जुळतो हे लिहून घ्या. ट्युब्युलर घेतली तर खोलीला वर-खाली झरोका हवा, हायड्रोजन साठू नये म्हणून.

माळावरचा एकटा लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रण. खांबाला अर्थिंग, चारही तारांच्या बुडाला अर्थिंग, आणि ते सगळे एकमेकांना आणि घराच्या अर्थिंगला जोडलेले, वर घरात शिरताना एसपीडी, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण. कातळात एक रॉड पुरत नाही, दोन-तीन खड्डे करा. वीज कडाडत असताना स्विचपाशी जायचं नाही, त्या आधीच ब्रेक टाकून मोकळं व्हायचं.

देखभालीला वर्षातनं दोनदा खांब खाली घ्या, वळीव सुरू व्हायच्या आधी एप्रिलच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या आसपास. आम्ही खंडेनवमीला घेतो, बाकी हत्यारांबरोबर तिचीही पूजा होते आणि नटबोल्टही तपासले जातात. पात्यांची पुढची कड हाताने चाचपा, पावसाच्या थेंबांनी ती खरखरीत होते, तिथं पीयूची (पॉलियुरेथेनची) पारदर्शक टेप लावली की दोन मोसम निघतात. बेअरिंग हाताने फिरवून कान लावून ऐका. खांबातली केबल पिळली असेल तर सोडवा. नवीन तारा पहिल्या आठवड्यात ढिल्या पडतातच, तेव्हा टर्नबकल परत आवळा आणि मग त्यात बाइंडिंग वायर ओवून ठेवा, नाहीतर हेलकाव्यांनी ते आपोआप उलगडतात.

आणि तारांना खालच्या सहा फुटांत पांढरा पीव्हीसी पाइप चढवा. माणसांना दिसावं म्हणून तर आहेच, पण तात्यांच्या म्हशीला पाठ खाजवायला आमची तार फार आवडायची, आणि ती एकदा टेकली की वरची चक्की अर्धा फूट डोलायची. पाइप गुळगुळीत आहे, आता ती परत बाभळीकडे गेलीय.